दीड मीटरवरचा डोळा

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आई एकवीरेचं नाव घेऊन लिहायला बसले. डायरी समिधानं दिली, माझ्या नातीनं. म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस, आम्ही किती ऐकायचं? उरलेलं यात लिही." म्हटलं, अगो, मी चौथीतून सुटलेली बाई. पाचवीच्या वर्षी मासळीची टोपली डोक्यावर आली ती आजवर उतरली नाही. तर म्हणते, "मग चौथीपुरतं लिही ना." अशी तिची जीभ. माझ्यावर गेली.

आज डोंबिवलीहून माझा भाऊ सखाराम आला. त्याचे गुडघे दुखतात, तरी जिना चढून येतो. भावाचं सुख देवानं मला भरून दिलंय. ओवाळलं. त्यानं साडी आणली. रंग जरा मळका होता, शिळ्या चहासारखा, पण मी तोंडावर काही दाखवलं नाही. आमची सून वैशाली म्हणाली, "आई, काय झकास मोरपंखी आहे!" मला तिचं कौतुक वाटलं. पाहुण्याचं मन राखायला खोटं बोलते, पण किती गोड बोलते.

या डायरीच्या रेघा फार फिकट छापल्यात. माझ्या ओळी डोंगरावर चढतात. असो, फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत.

२८ ऑक्टोबर

आज वाचले. आईचीच कृपा.

आमचा बाजार संध्याकाळचा. मासळी घेऊन मी दिपेशच्या रिक्षात बसते. दिपेश शेजारचा, माझ्या हातचं बोंबलाचं कालवण खाऊन मोठा झालेला. तो बाजारासमोर सोडतो, रस्ता ओलांडला की माझी जागा. जागा माझ्या सासूची, चंद्रभागेची. कोपऱ्यातली आहे, दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक येतं. तिथे बसून तिनं तिची पोरं वाढवली, मी माझा कान्हा वाढवला. घरात मी कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची आजी. त्या जागेवर बसले की मी मंजुळा.

तर परत येताना दिवेलागण झालेली. टोपली डोक्यावर, मी अर्ध्या रस्त्यात, आणि समोरून मोटारसायकल. तिचा दिवा म्हणजे दिवा नव्हे, फुलबाजा! पांढरे काटेच काटे, भोवती कडं. पुढे जावं की मागे, कळेना. मी उभीच राहिले. त्या पोरानं गाडी तिरकी घातली, पडता पडता राहिला. "आजी, मरायचंय का?" म्हणाला. म्हटलं, "आधी तो दिवा विझव, मग सांगते."

दिपेशनं घरी येऊन सांगितलं. त्याला कुणी विचारलं होतं? कान्हा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "आई, पुरे आता. एक दिवस तुला उचलून आणायला लावशील. जागा वैशालीला दे."

वैशाली बिचारी भाव सांगताना लाजते. गिऱ्हाईकानं महाग आहे म्हटलं की "हो ना" म्हणते. तिच्या हाती जागा दिली तर महिन्याभरात शेजारची तिच्या मांडीवर येऊन बसेल.

मी म्हटलं, "दोष माझा नाही. हल्ली सगळ्यांनी गाड्यांना भलतेच दिवे लावलेत."

"सगळ्यांनी?"

"हो, सगळ्यांनी."

कान्हा म्हणाला, मार्गशीर्ष लागला की धंदा तसाही बसतो, तोवर बघू. मग जागा वैशालीची. माझा लेक चांगला आहे, काळजीपोटी बोलतो. पण काळजीनं माणसाची जागा जाते, हे त्याला कोण सांगणार.

१ नोव्हेंबर

समिधाची शिकाऊ लायसनची परीक्षा आहे. गाडी चालवायला परीक्षा असते हे मला ठाऊक नव्हतं. कान्हाची स्कूटर बघून कुणालाच वाटलं नसतं. ती मोठ्यानं वाचते, मी कोळंबी सोलते, त्यामुळे माझाही अभ्यास होतो. पुढचा दिवा पांढरा, मागचा लाल. पुढून लाल दिवा दाखवायचा नाही. मागची नंबराची पाटी अंधारात वाचता आली पाहिजे. समोरून गाडी आली की आपला दिवा खाली करायचा.

आणि एक ऐकून मी कोळंबी ठेवलीच खाली. नव्या मोटारसायकलींचा पुढचा दिवा दिवसासुद्धा चालू राहतो, तसा नियमच आहे! आणि मी कित्येक वर्षं प्रत्येक पोराला हात दाखवून ओरडतेय, "दिवा चालू, दिवा चालू!" सगळे मान हलवून जायचे. एकानंही उलट उत्तर दिलं नाही. किती चांगली मुलं आहेत ठाण्यात.

"पण दिवसा दिवा कशाला गो?" मी विचारलं.

"आपल्याला दिसावं म्हणून नाही आजी. आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून."

समिधाचे आजोबा अगदी हेच म्हणायचे. खाडीत होडीला कंदील टांगायचे. मी नवी नवरी, विचारलं होतं, एवढ्याशा कंदिलानं काय दिसणार? म्हणाले, "आपल्याला काय दिसायचंय, खाडी पाठ आहे. मोठ्या बोटीला आपण दिसलो म्हणजे झालं." माणूस गेला, पण म्हणणं कायद्यात लिहून ठेवलंय की.

मग मी समिधाला म्हटलं, डोळे दिपवणाऱ्या दिव्यांचा काही नियम शोध. तिनं मोबाइलवर शोधला. दिवा असा खाली झुकलेला हवा, की त्याच्यापुढे आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला तो दिपवता कामा नये.

दीड मीटर म्हणजे किती? समिधानं शिवणाची टेप आणली आणि मला भिंतीला उभं केलं. मी चप्पल घातल्यावर माझा डोळा बरोबर दीड मीटरवर! मी तर हरखूनच गेले. आयुष्यात मला कुणी मोजलं नव्हतं. झंपर शिवणारीसुद्धा जुनाच झंपर मागते. आणि दिल्लीत बसलेल्या कुणा माणसानं, रस्त्यात उभ्या बाईचा डोळा कुठे येईल, त्याला त्रास होऊ नये, असा विचार करून नियम लिहिलाय. त्याचं भलं होवो. त्याच्या लेकरांचं भलं होवो.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

खाडीवर दिवे सोडले. फार सुंदर. एकेक दिवा सूर्यफुलाएवढा दिसत होता, पाण्यात नुसती फुलंच फुलं.

वर बघितलं तर चंद्राला हे मोठं खळं! आमच्यात लहान पोरालाही कळतं, चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार. मी धावत आले. सगळ्या आळीला सांगितलं, वाळत घातलेलं सुकट आत घ्या. माझा शब्द कुणी मोडत नाही. बायाबापड्यांनी जवळा, बोंबील सगळं उचललं. कान्हा पहाटे होडी काढणार होता, त्यालाही राहायला सांगितलं.

वैशाली म्हणाली, "आई, मला तर खळं दिसत नाही." तिला काय दिसणार, ती कल्याणच्या बिल्डिंगीत वाढलेली.

६ नोव्हेंबर

ऊन पडलं. पापड वाळावेत असं.

नळावर पलीकडच्या घरातली कृतिकाची आई म्हणाली, "मंजुळाबाय, तुमचा पाऊस कल्याणला उतरला का काय?" सगळ्या हसल्या. सुकट घरात दमट झालं, वास मारतोय. कान्हाचा दिवस बुडाला, पण तो मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

११ नोव्हेंबर

मी ठरवलं, नियमानं जायचं. दिव्यांचा गुन्हा सिद्ध झाला तर कान्हा जागेचं नाव काढणार नाही.

सुरुवात दिपेशच्या रिक्षेपासून, कारण ती दारातच असते. कायदा घरापासून सुरू करावा. कान्हाची जाळ्याची दोरी घेतली. आठ मीटर म्हणजे आमचे साडेचार वाव, हात पसरून मोजले. दिवेलागणीला रिक्षेपुढे चप्पल घालून उभी राहिले आणि म्हटलं, "लाव दिवा."

लावला. काटेच काटे!

"गुन्हा!" मी ओरडले.

"अगं आजी, कंपनीचाच दिवा आहे, हात पण लावलेला नाहीये," दिपेश म्हणाला. "पुढच्या महिन्यात गाडीचं पासिंग आहे, असं ओरडू नकोस. लोक काय म्हणतील?"

मग समिधा माझ्या जागी गुडघे वाकवून उभी राहिली. म्हणाली, काही दिपत नाही. वैशाली उभी राहिली. तिलाही काही नाही. कृतिकाच्या आईला बोलावलं, ती तर माझी वैरीण, तिनं तरी खरं सांगावं. ती म्हणाली, "बरा उजेड आहे की." सगळ्या दिपेशला फितूर. तो त्यांना स्टेशनला फुकट सोडतो ना.

दिपेशचं तोंड उतरलं होतं. मला वाईट वाटलं. पण कायदा म्हणजे कायदा.

१७ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहू की नको, असं वाटतंय. पण डायरीशी खोटं बोलून कुठे जाणार.

नाक्यावर ट्रॅफिक पोलिसात योगिनी मॅडम आहेत. माझ्याकडून कधीमधी सुरमई नेतात, कधी घासाघीस नाही. त्यांच्याकडे दिपेशच्या दिव्याची तक्रार करायची ठरवली. गेले दिपेशच्याच रिक्षातून. मग काय, चालत जाऊ? तोही म्हणाला, "चल, एकदाचा निकाल लागू दे."

मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही. माझी दोरी हातात घेतली, मोजली, माझ्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. वाकून, ताठ होऊन, दोन्ही बाजूंनी बघितलं. मग मला जवळ घेऊन विचारलं, "आजी, तुम्हाला या दिव्याभोवती काय दिसतं?"

"काटे. आणि कडं."

"त्या सिग्नलला?"

"त्यालाही."

"समोर मेडिकलवाल्याच्या ट्यूबलाइटला?"

"त्यालाही. सांगते ना, सगळ्यांनी बदललेत."

"आणि चंद्राला?"

"चंद्राला तर पौर्णिमेला एवढं मोठं खळं होतं."

मॅडमनी दोरी गुंडाळली. मग हळूच म्हणाल्या, "मग चंद्राला कुठलं कलम लावू, आजी?"

दिपेश हसला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, तसा गप्प झाला. म्हणाल्या, "माझ्या आईचंही असंच झालं होतं. तीही गल्लीत सगळ्यांशी भांडली. मोतीबिंदू होता. तुम्ही डोळे दाखवून घ्या."

परत येताना मी काही बोलले नाही. मी बोलत नाही म्हणून दिपेश घाबरला. आरशातून सारखा बघत होता. दारात उतरताना म्हणाला, "आजी, वर्तकनगरला चांगला दवाखाना आहे. परवा नेतो. कान्हाकाकाला तूच सांग, मी तोंड उघडत नाही."

म्हणजे साडी खरंच मोरपंखी असेल. वैशाली खोटं बोलली नव्हती. खळं कुणालाच दिसलं नव्हतं. माझ्या शब्दाखातर सगळ्यांनी सुकट उचललं होतं.

दिवे गुन्हेगार असते तर बरं झालं असतं. दिवे बदलता येतात. आता कान्हा म्हणेल, बघ, मी सांगत नव्हतो? आणि त्याचं खरंच आहे.

१९ नोव्हेंबर

डॉक्टर पोरसवदा आहे, पण हात थंड आणि जीभ गोड. म्हणाला, "आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकलाय. ते भिंग काढून नवं बसवू."

"डोळ्यातलं भिंग बदलता येतं?"

"येतं की. बल्ब बदलल्यासारखं."

मी घरी येऊन सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कान्हा "मी सांगत नव्हतो" म्हणाला नाही. उठून माझ्यासाठी पाणी आणलं. मी विचारलं, "जागेचं काय?" म्हणाला, "आधी डोळा बघू." एवढंच. हो नाही, ना नाही.

थंडीत ऑपरेशन चांगलं, आणि मार्गशीर्षात गिऱ्हाईकही कमी. तोवर जागेवर वैशाली बसणार. तिला म्हटलं, "कुणी महाग म्हटलं तर काय म्हणायचं?" म्हणाली, "हो ना." मी डोक्याला हात लावला.

३ डिसेंबर

काल उजवा डोळा केला. आत झोपवलं तेव्हा मी आईचा धावा करत होते, तो डॉक्टरला ऐकू गेला. म्हणाला, "आजी, मोठ्यानं म्हणा, मलाही लागतो." देव त्याला उदंड देवो.

आज पट्टी काढली.

कसं लिहू? पहिल्यांदा दिसली ती भिंत. पांढरी. मला वाटायचं आता पांढऱ्या भिंती कुणी करतच नाही. मग समिधा दिसली, तिच्या गालावर बारीक तीळ आहे. मी म्हटलं, "हा कधी आला?" ती हसता हसता रडली. साडी बघितली. अगो बाय, काय मोरपंखी! सखारामाला फोन करून सांगितलं, "साडी फार छान आहे रे." तो म्हणाला, "ताई, भाऊबीज होऊन महिना झाला." म्हटलं, "माझी आज झाली."

आणि कान्हा दिसला. त्याचे कानापाशी केस पांढरे झालेत. डोळ्यांखाली काळं आलंय. माझं पोर म्हातारं व्हायला लागलं आणि मला कुणी सांगितलं नाही. मी त्याच्याकडे बघतच बसले. तो म्हणाला, "काय बघतेस?" म्हटलं, "काही नाही. जेवलास का?"

९ डिसेंबर

काळा चष्मा लावून घरात बसलेय. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीपाशी नाही. वैशाली वेळच्या वेळी थेंब घालते. लेकीनं केलं नसतं असं करते.

आज दिवेलागणीला मी समिधाचा हात धरून खाली उतरले. दिपेशच्या रिक्षेपुढे दोरी पसरायला लावली, त्याच जागी उभी राहिले, काळा चष्मा काढला. डावा डोळा हातानं झाकला. म्हटलं, "लाव दिवा."

गोल. एकच गोल. खाली झुकलेला, सासूसमोर बसलेल्या नव्या सुनेसारखा. उजेड सगळा रस्त्यावर, डोळ्यात काही नाही. जसा कायद्यात लिहिलाय तसा.

मी दिपेशचे गाल धरले. "चुकले रे पोरा. तुझा दिवा सज्जन आहे." त्याला वैशालीनं तळलेलं पापलेट दिलं, मधला तुकडा. म्हणाला, "आजी, पासिंगला तूच चल, इन्स्पेक्टरला सांग, सज्जन आहे म्हणून."

आम्ही हसत असताना कान्हा स्कूटर घेऊन बर्फ आणायला निघाला. आमच्यासमोरून गेला, आणि पुढे गेल्यावर नाहीसाच झाला. मी म्हटलं, "कान्हा कुठे गेला?"

समिधा म्हणाली, "तो काय पुढे."

"मला का दिसत नाही मग? डोळा परत गेला का काय?"

मी घाईनं इकडेतिकडे बघितलं. पण डोळा गेला नव्हता. कृतिकाच्या घराची खिडकी दिसत होती, तिचे गज दिसत होते. स्कूटरचा मागचा दिवाच दिसत नव्हता! तो परत आल्यावर मी मागे जाऊन बघितलं. मागच्या सीटवर मासळीचा क्रेट बांधलेला, त्यावर ओलं गोणपाट, आणि ते गोणपाट थेट मागच्या दिव्यावर लोंबतंय. नंबराची पाटीसुद्धा झाकलेली, खाऱ्या पाण्यानं गंजलेली. आत दिवा जळत होता बिचारा, बुरख्यातल्यासारखा.

"कान्हा, तुझ्या गाडीला मागून दिवाच नाही!"

"आई, मी वीस वर्षं असाच चालवतोय."

"मागून येणाऱ्या ट्रकला तुझी वीस वर्षं दिसत नाहीत!"

तो काही बोलायच्या आत वैशाली पुढे झाली. तिनं ते गोणपाट उचललं, खालचा लाल दिवा बघितला, आणि असा काही आवाज चढवला की खाडीपलीकडे गेला असेल. "रोज अंधारात हायवेनं जाता तुम्ही! आईंना रस्ता ओलांडू नको म्हणून सांगता, आणि स्वतः असे जाता?" कोयता आणून गोणपाटाची कड सरसर कापली. क्रेट वर बांधायला लावला. कान्हा निमूटपणे बांधत होता.

मी तिच्याकडे बघत राहिले. या आवाजात ती भाव सांगणार असेल तर माझ्या जागेला धोका नाही.

१३ डिसेंबर

जागेची गोष्ट आज निघाली. कान्हानंच काढली. म्हणाला, "आई, दुसरा डोळा कधी करायचाय?" म्हटलं, डॉक्टर म्हणतो जानेवारीत. "मग जानेवारीनंतर बस जागेवर. पण रस्ता ओलांडताना वैशाली सोबत असेल, आणि टोपली तिच्या डोक्यावर."

"आणि जागेवर कोण बसणार?"

"दोघी बसा. भांडून काय ते ठरवा."

वैशाली म्हणाली, "आई, काल एकीनं सुरमई महाग आहे म्हटलं. मी म्हटलं, मग बांगडा घ्या." आता काय म्हणू? मी म्हटलं, शाब्बास. सासूबाई, चंद्रभागाबाई, तुमची जागा राहिली हो.

योगिनी मॅडमना निरोप पाठवलाय, जागेवर परत बसले की पहिली सुरमई त्यांची. पैसे घेणार नाही. त्या देतील, मी घेणार नाही, अशी जरा ओढाताण होईल, होऊ दे.

१४ डिसेंबर

समिधा परीक्षेत पास झाली. दिव्यांचे प्रश्न सगळे बरोबर. म्हणते, "आजी, अर्धं सर्टिफिकेट तुझं." आई एकवीरे, तुला पुढच्या महिन्यात नारळ वाहते.

संध्याकाळी स्कूटरला पुढे-मागे लाल एल चिकटवला. ती पुढे बसली, कान्हा मागे, सारखा "हळू, हळू" करत. क्रेट काढून ठेवला होता. मी दारात उभी होते, चप्पल घालून. ती निघाली तशी वैशालीनं माझा हात धरला. मला आधार द्यायला धरला की तिला हवा म्हणून, कळलं नाही.

डावा डोळा मिटून बघत राहिले. मागचा दिवा लाल. काटे नाहीत, कडं नाही. लहान लहान होत गेला, कुंकवाच्या टिकलीएवढा. वळणापर्यंत दिसत होता.

एकच.